पावण्याच्या हाती गळ

सासरे मला 'पावणं' म्हणायचे. लग्नाच्या मांडवात म्हणाले तेव्हा बरं वाटलं होतं, कारण आमचं लग्न त्यांच्या मनाविरुद्ध झालेलं आणि मांडवात ते मला काय म्हणतील याचा नेम नव्हता. मी जयसिंगपूरच्या दुकानदार घरातला, ज्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. बायको गडमुडशिंगीच्या शेतकऱ्याची एकुलती एक मुलगी, जिच्याकडे रविवार म्हणजे मटण आणि पाऊस म्हणजे मासे. त्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला आणि म्हणाले, "या पावणं." प्रकरण मिटलं, असं मी समजलो.

पुढं बऱ्याच दिवाळ्या आल्या नि गेल्या, माझ्या डोक्यावरचे केस गेले, कोल्हापुरात चष्म्याचं दुकान टाकलं, कसबा बावड्यात फ्लॅट घेतला, तरी मी आपला पावणंच. "आलासा पावणं?" "जेवलासा?" "दमलासा न्हवं?" आमच्या भागात हा 'सा' क्रियापदाच्या शेपटीला लागला की समजावं, तुम्हाला मान मिळालाय. मान वाईट नसतो. पण हाच माणूस गावात पोस्टमनपासून सरपंचापर्यंत सगळ्यांना "काय रं" म्हणून हाक मारी. शेताच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाला शिव्या देई, आणि ज्याला शिव्या बसत तो हसत हसत येऊन त्यांच्याच डबीतली तंबाखू मळत बसे. गावभर 'रं' वाटून झाल्यावर उरलेला 'सा' तेवढा माझ्या वाट्याला. मी त्यांच्या घरात गेलो की आवाज उतरायचा, खुर्ची पुसली जायची, आणि आम्ही दोघं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत चहा प्यायचो.

सासूबाई गेल्या आणि ते घरात एकटे उरले. शेत वाट्यानं दिलेलं, म्हैस विकलेली. बायको त्यांना रोज सकाळी शाळेत जाण्याआधी फोन करायची. मग उन्हाळ्यात एकदा ते न्हाणीत घसरले. फोन बाहेर कोनाड्यात वाजत राहिला आणि हे आत फरशीवर पडून तो ऐकत राहिले. दूध घालायला आलेल्या बाईला कण्हणं ऐकू आलं म्हणून बरं. हाड मोडलं नाही, पण उजवा खांदा तेव्हापासून अधू झाला. आणि माझ्या बायकोचं चित्त थाऱ्यावर राहिनासं झालं. वर्गात शिकवताना ती टेबलावर फोन उघडा ठेवायची, मधेच त्यांना लावायची. ते फोन उचलायला जरा उशीर करत, तेवढ्यात तिच्या हातातला खडू मोडायचा. रात्री मांजरानं भांडं पाडल्यासारखी दचकून उठायची. तिला एकच हवं होतं, आबांनी आमच्याकडं राहायला यावं. आणि आबा काही यायला तयार नव्हते.

"तू जाऊन बोल," ती मला म्हणाली. "माझ्याशी भांडतात. तुझ्याशी नाही भांडणार."

"तीच तर अडचण आहे," मी म्हणालो.

पण गेलो. आखाडातला शेवटचा रविवार होता. श्रावण लागला की सासरे महिनाभर गळाला हात लावत नाहीत, म्हणजे मासेमारीचा तो शेवटचा दिवस. बायकोचा हिशेब असा की घरी विषय काढला की ते उठून रिकाम्या गोठ्यात जातात, पण गळ टाकून बसलेला माणूस उठून जाणार कुठं? मी हात रिकामे नकोत म्हणून एक नवी कोरी गळाची काठी घेऊन गेलो. विलायती थाटाची, चाकाची, सोबत रबरी बेडूक. त्यांनी ती काठी उलटीपालटी करून बघितली, बेडकाचं पोट दाबलं, चाक फिरवून त्याचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "लई भारी हाय की. पावण्यांनी आणलंय, जपाय पायजे." आणि ती कपाटावर ठेवली, लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यांशेजारी. मग कोपऱ्यातल्या चिव्याच्या बांबूच्या दोन जुन्या काठ्या काढल्या. एक माझ्या हातात दिली.

तळं गावामागच्या माळावर आहे. कधीतरी पाझर तलाव म्हणून बांध घातलेला, एका बाजूला बाभळी, दुसऱ्या बाजूला पाणवनस्पतींची दाटी आणि मोटरीची एक पत्र्याची खोली. झड लागलेली होती. आमच्याकडं आखाडात पाऊस पडतो असं म्हणण्यात अर्थ नसतो, तो असतो, घरात माणसं असतात तसा. सासऱ्यांनी खताच्या पोत्याची खोळ डोक्यावरून घेतली होती. मला मान म्हणून त्यांची लांब दांड्याची काळी छत्री मिळाली. एका हातात छत्री, एका हातात काठी, चष्म्यावर थेंब, आणि नारळाच्या करवंटीत वळवळणारी गांडुळं. ती गळाला लावायचं काम माझ्याच्यानं होईना. त्यांनी ते न बोलता केलं, दरवेळी केलं, आणि दरवेळी हात खोळीला पुसून "बसा" म्हणाले.

बसलो. पाण्यावर थर्माकोलचे दोन तुकडे तरंगत होते, एक त्यांचा, एक माझा. पावसाचे थेंब इतके पडत होते की तुकडा माशानं हलवला की पावसानं, हे मला तरी कळत नव्हतं. त्यांनाही कळत नसावं, कारण त्यांनी बऱ्याच वेळा झटक्यात काठी उचलली आणि प्रत्येक वेळी रिकामा गळ बघून "खाऊन गेलं बेणं" म्हणाले. एकदा गांडूळ जसंच्या तसं होतं, तरी म्हणाले. मला जरा धीर आला.

"मामा," मी सुरुवात केली.

"श्श. मासा ऐकतंया."

थोडा वेळ गेला. मी परत म्हणालो, "मामा, आता आमच्याकडं राहायला चला."

त्यांनी दोरी जरा ताणून बघितली. मग म्हणाले, "माझा बा लेकीच्या घरचं पाणीबी पीत न्हवता. मी च्या पितो, जेवतो, येकदा तर मुक्कामबी केलता. लई सुधारणा झाली की पावणं."

"आता जमाना बदललाय."

"बदललाय की. आमच्या गल्लीत यायचा हाय अजून."

तरी मी बोललो, कारण घरी जाऊन तोंड दाखवायचं होतं. तिला झोप नाही, म्हणालो. तुम्ही फोन उचलेपर्यंत ती श्वास घेत नाही, म्हणालो. ते म्हणाले, "उचलतो की." मी म्हणालो, "न्हाणीत पडलात त्या दिवशी कुठं उचललात?" हे जरा लागलं असावं. त्यांनी अधू खांदा दुसऱ्या हातानं चोळला. मला वाटलं, लोखंड तापलंय, आता घाव घालावा. म्हणून मी अगदी दुकानातल्या गोड आवाजात म्हणालो, "तुम्हाला काहीच त्रास नाही व्हायचा, मामा. पाहुण्यांची खोली रिकामीच असते आमची. हवेशीर आहे, बाथरूम लागून. पाहुणा आला की खूश होतो."

त्यांनी गळ वर काढला, गांडूळ बघितलं, ते ठीक होतं, तरी बदललं आणि परत टाकला. मग पाण्याला सांगितल्यासारखं म्हणाले, "पयल्या दिशी पावणा, दुसऱ्या दिशी पई, तिसऱ्या दिशी ऱ्हाई त्याची अक्कल जाई."

म्हण जुनीच. मी हसलो. मला वाटलं, त्यांना सहज आठवली.

पुढं दोन-तीन चिलापी लागल्या, सगळ्या त्यांच्या गळाला. मग ते जागा बदलू म्हणाले आणि आम्ही वनस्पतींच्या दाटीकडं गेलो, तिथं मरळ असते. काठाशी पाण्यात लालसर काहीतरी उकळल्यासारखं दिसत होतं. मी चष्मा पुसून वाकून पाहिलं तर बोटाच्या पेराएवढी पिल्लं, असंख्य, एकमेकांना धरून फिरत होती. "हितं टाकू नगा," ते म्हणाले. "लेकुरवाळी हाय. खालीच आसंल ती, पोरांवर डोळा ठिवून." आम्ही त्या जागेला वळसा घालून पलीकडं बसलो. मला वाटलं, हा माणूस माशाच्या आईचा जीव ओळखतो आणि स्वतःच्या लेकीचा ओळखत नाही. तेव्हा रागच आला मला त्यांचा. बोललो मात्र नाही, कारण मी पावणं.

ते तंबाखू मळायला बाभळीखाली गेले आणि तेवढ्यात माझा थर्माकोलचा तुकडा दिसेनासा झाला. हलला नाही, डोलला नाही, सरळ गेला. काठी माझ्या हातात वाकली. मी आयुष्यात मुंगीसुद्धा मुद्दाम मारलेली नाही, पण खोटं कशाला बोलू, त्या ओढीनं माझ्या अंगात काहीतरी संचारलं. छत्री टाकून मी उभा राहिलो.

"मरळ हाय! सोडू नगा पावणं!" मागून ओरडा आला. "सैल सोडा, सैल सोडा, आता वडा!"

मी सैल सोडायचं तिथं ओढलं आणि ओढायचं तिथं आणखी ओढलं. एक पाय पुढं टाकला. तो पाय ज्याच्यावर पडला ती जमीन नव्हती, पावसानं आतून खाल्लेली माती होती. काठ ढासळला आणि मी उभाच्या उभा पाण्यात गेलो. पाणी छातीपर्यंत होतं, त्याचं काही नव्हतं. पण खाली गाळ होता आणि गाळाला तळ नव्हता. पाय उचलायला गेलो की दुसरा आत जाई. चष्मा पडला. सगळं तळं, आभाळ, बाभळी एका करड्या रंगात मिसळून गेल्या. मला पोहता येत नाही, आणि आलं असतं तरी गाळात कोण पोहतो? मी घाबरलो. इतका घाबरलो की हातातली काठी घट्ट धरून ठेवली, कारण धरायला तेवढंच होतं. शिवाय एवढ्या गडबडीतही डोक्यात हेच, की ही त्यांची जुनी काठी, हरवली तर काय म्हणतील.

"सोड ती काठी!"

मी सोडली नाही.

"आरं सोड की रं! काठीचं काय घिऊन बसलास मर्दा, मरशील! आन पाय मारू नगोस, जेवढा नाचशील तेवढा आत जाशील. गप ऱ्हा! आयकतोस का न्हाय?"

काठी सोडली. ती पाण्यावरून सुर्रकन निघून गेली, माशामागं. पाय हलवायचे थांबवले. ते काठावर पालथे पडलेले असणार, कारण त्यांचा आवाज पाण्याच्या पातळीवरून आला. "हे धर. छत्रीची मूठ हाय. आकड्यात मनगट घाल. घातलास? आता पुढं झोप, उभा ऱ्हाऊ नगोस, झोप म्हणतोय न्हवं, पाण्यावर!" मी झोपलो. ओढ बसली. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो खांद्याचा होता, हे मला न बघताही कळलं. ते मला शिव्या देत होते. त्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत, पण गावात त्या ज्यांना मिळत त्यांचा मला बरीच वर्षं हेवा वाटत आला होता. गाळानं माझे दोन्ही बूट ठेवून घेतले आणि मला सोडलं.

काठावर आम्ही दोघं आडवे पडून राहिलो. पाऊस तोंडावर पडत होता. त्यांचा हात माझ्या पाठीवर थपाथप चालू होता, पोरगं ठसकल्यावर आई मारते तसा. मी जिवंत आहे याचा मला एवढा आनंद झाला होता की गाळाचा वासही गोड लागत होता. मग तो हात थांबला. त्यांनी घसा खाकरला.

"लागलं न्हाय न्हवं, पावणं?" ते म्हणाले. "लई दमलासा."

'सा' परत आला होता. आणि मला जे काही झालं ते सांगतो: मला रडू यायच्या ऐवजी भयंकर राग आला. आम्ही मोटरीच्या खोलीत जाऊन टेकलो होतो, पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि मी थंडीनं कुडकुडत त्यांच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा.

"पाण्यात होतो तेव्हा मी कोण होतो, मामा? तेव्हा 'सोड की रं' होतं. बाहेर आलो की लगेच 'दमलासा'? मग आतच ठेवायचं होतं मला. निदान बरोबरीनं बोलत तरी होतात. एवढी वर्षं तुमच्या खुर्चीवर बसतोय मी, पुसलेल्या. कंटाळा आलाय मला त्या खुर्चीचा. गावातल्या कुत्र्याला तुम्ही हाक मारता, ती बरी वाटते माझ्या हाकेपेक्षा."

चष्मा नसल्यामुळं त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, नाहीतर बहुतेक मी एवढं बोललोच नसतो. तंबाखूची डबी उघडल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा.

"तुमास्नी राग येईल म्हणून न्हवतो म्हणत," ते शेवटी म्हणाले. "शिकल्यालं मानूस. मांडवात मी म्हणलो, जावई हाय, आपल्या तोंडाला आवर घालाय पायजे. घातला. मग तो काढायचा कवा, ते कुणी सांगितलंच न्हाय."

मग म्हणाले, "आन तुमी तरी काय निराळं करताय? लेक म्हणती, आबा, पावण्यांची खोली रिकामी हाय. आज तुमीबी तेच म्हणलासा. चार दिस ठीक हाय हो. पण मरंपतूर पावणा म्हणून कसा ऱ्हाऊ मी? पावण्यानं खोकायचं कवा? तंबाखू थुकायची कुठं? दुपारी झोप आली तर निजायचं का बसून ऱ्हायचं? ते कायबी कळत न्हाय पावण्याला. त्यापरास आपली न्हाणी बरी. पडलो तर पडलो."

मी भिजलेल्या टकलावरून हात फिरवला. आमच्या घरात त्या खोलीला तेच नाव होतं, घर घेतलं तेव्हापासून. तिथं इस्त्रीचे कपडे पडायचे, दिवाळीचे डबे पडायचे, कधी कुणी आलं तर दिवाणावरची चादर बदलायची. बायकोनं त्यांना सांगताना, मी त्यांना सांगताना, आम्ही दोघांनी तोंड भरून तेच नाव घेतलं होतं आणि वर तिची हवा नि बाथरूम सांगितलं होतं, लॉजवाला सांगतो तसं. त्यांना यायचं नव्हतं असं नव्हतंच. हे ऐकल्यावर माझ्या छातीवरून कुणीतरी पोतं उचलून घेतल्यासारखं झालं. गल्ली, लोक, लेकीच्या घरचं पाणी, त्यांच्या बापाची रीत, यातलं काहीच हलवणं माझ्या हातात नव्हतं. खोलीचं नाव होतं.

पण तसं मी बोललो नाही. मी म्हणालो, "थुकायला बाल्कनीत कुंडी ठेवू."

ते हसले. चष्म्याशिवायही तेवढं ऐकू आलं.

पाऊस जरा उणावला तेव्हा बाहेर आलो. वाऱ्यानं त्यांची काठी या काठाला आणून लावली होती, दोरी तुटलेली. मासा शहाणा निघाला. ते काठी पुसत म्हणाले, "मोठी हुती, आं." मी म्हणालो, "मोठी होती." एवढ्या मोठ्या माशाला वाचवल्याचं पुण्य माझ्या नावावर लागलं, ही माझ्या जयसिंगपूरच्या घरी सांगण्यासारखी एकच गोष्ट त्या दिवसात होती.

आता अडचण अशी की चष्म्याचं दुकान असलेल्या माणसाकडं दुसरा चष्मा नव्हता. चष्म्याशिवाय मला गाडीचं हँडल दिसतं, रस्ता दिसत नाही. स्कूटर त्यांच्या अंगणात ठेवली. त्यांनी मला स्वतःचं धोतर आणि सदरा दिला, पायात त्यांच्याच चपला, आणि माझं मनगट धरून बसथांब्यावर नेलं. वाटेत कुणीतरी विचारलं, "काय आबा, कुणाला धरून चाललासा?" मी कान टवकारले. ते म्हणाले, "हाय आमचं एक आंधळं." पावणं म्हणाले नाहीत. पण जावई असंही म्हणाले नाहीत, तेव्हा फार आशा धरावी असं काही मला वाटलं नाही.

बायकोनं दार उघडलं तेव्हा तिचे वडील तिच्या नवऱ्याला हाताला धरून उभे होते, आणि नवऱ्याच्या अंगावर तिच्या वडलांचं धोतर होतं. ती आधी घाबरली, मग हसली, मग तिचे डोळे भरले, हे मला तिच्या आवाजावरून कळलं. सासऱ्यांनी चहा घेतला. उठताना त्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. आत इस्त्रीचे कपडे होते आणि दिवाणावर पाहुण्यांसाठी जपलेली मोराची चादर. "खिडकी बरी हाय," म्हणाले. आणि संध्याकाळच्या बसनं गेले.

"काय ठरलं?" तिनं विचारलं.

"काही नाही ठरलं," मी म्हणालो, आणि खोलीच्या नावाचं सांगितलं. तिनं हातातला कप खाली ठेवला. मग उठली आणि मोराची चादर घडी करून माळ्यावर टाकली.

पुढच्या दिवसांत आम्ही खोली रिकामी केली. इस्त्री हॉलमध्ये आली. सासूबाईंचा फोटो भिंतीवर गेला. मी दाराशेजारी दोन लांब खिळे ठोकले, काठी आडवी टेकेल असे, आणि शेजाऱ्यांनी भिंत पडतेय का म्हणून विचारलं. बाल्कनीत मातीनं भरलेली कुंडी ठेवली, रोप न लावलेली. मासे कुठं तळायचे याची चर्चा झाली. बायको म्हणाली, बाल्कनीत शेगडी ठेवू. मी म्हणालो, स्वयंपाकघरातच तळा, तेवढा वेळ मी दुकानात बसेन. धंद्यालाही बरं. त्यांना फोनवर यातलं काही सांगितलं नाही. तिनं फक्त एकदा, बोलता बोलता, "तुमच्या खोलीत ऊन छान येतं सकाळचं" म्हटलं. पलीकडून "बरं" आलं. बाकी रोजचंच, जेवलात का, जेवलो, पाऊस आहे का, हाय.

श्रावण लागला. एक रविवार गेला. मी नवा चष्मा केला, फ्रेम तीच. तिचा खडू अजून मोडतच होता. मला वाटू लागलं की तळ्यावर जे झालं ते तळ्यावरच राहिलं, पत्र्याच्या खोलीतलं बोलणं पत्र्याच्या खोलीत. म्हातारी माणसं पावसात काहीबाही बोलतात आणि ऊन पडलं की आपल्या जागी जातात. रागावण्यासारखंही त्यात काही नव्हतं. वाईट मात्र वाटत होतं, आणि तिच्याकडं बघून जास्तच.

मग एका दुपारी, शाळेला सुट्टी होती, आम्ही जेवून आडवे झालो होतो. बाहेर ऊन-पावसाचा खेळ चालला होता. खाली फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला. रिक्षावाल्याशी कुणीतरी तारस्वरात काहीतरी बोललं. आमच्या इमारतीत इतक्या मोठ्यानं कुणी बोलत नाही. बायको ताडकन उठून बसली. मी खिडकीशी गेलो.

खाली सासरे उभे होते. दोन पिशव्या, एक वळकटी, आणि काखेत काठ्यांची मोळी. चिव्याच्या दोन होत्या आणि तिसरी माझी, चाकाची, तिचा रबरी बेडूक बाहेर लोंबत होता. त्यांनी मान वर केली, खिडक्या मोजल्यासारख्या शोधल्या, आणि गडमुडशिंगीच्या शेतात या बांधावरून त्या बांधावर जातो त्या आवाजात सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असे ओरडले.

"आरं ए! निजलास काय रं? वझं जड हाय, खाली ये की!"

समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. बायको दाराकडं धावली होती, तिचा हात कडीवर होता. मी तिचा दंड धरला.

"तू थांब," मी म्हणालो. "मला बोलावलंय."